साक्ष्य अधिनियम कलम ६३(४) चं सर्टिफिकेट: कागद कोणत्या क्रमाने करायचे आणि कुठे चुकतं

मोबाईल, सीसीटीव्ही असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कॉपी करून कोर्टात द्यायचा तर सोबत एक सर्टिफिकेट लागतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, पण नागपूरच्या सिव्हिल लाईन्सला कोर्टाच्या आसपास टायपिस्टच्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब चा फॉरमॅट अजून तसाच सेव्ह आहे, आणि ज्युनिअर मंडळी त्याच्यात नुसतं "६५-ब" खोडून "६३" टाकून दाखल करून राहिले. कलमाचा नंबर बदलला म्हणजे सर्टिफिकेट बदललं असं नाही होत भाऊ. नव्या कायद्यात सर्टिफिकेटचा नमुना अनुसूचीत छापून दिलेला आहे, त्याचे दोन भाग आहेत, भाग अ पक्षकाराचा आणि भाग ब तज्ज्ञाचा, सह्या दोघांच्या लागतात आणि हॅश व्हॅल्यू (फाईलची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची ओळ, खाली पायरी ४) लिहावी लागते. यातलं एक जरी राहिलं तरी समोरचा वकील पहिली हरकत तिथेच घेतो.

आणि बहुतेक चुका सर्टिफिकेट टाईप करताना होतच नाहीत, त्या आधीच होऊन बसलेल्या असतात, पक्षकाराने व्हिडिओ फॉरवर्ड केला तेव्हा किंवा डीव्हीआरवाल्याने (डीव्हीआर म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) फुटेज मोबाईलने शूट करून दिलं तेव्हा. म्हणून खालचा क्रम सोडू नका.

१. आधी ठरवा: ही केस जुन्या कायद्यात की नव्या

साक्ष्य अधिनियमाचं कलम १७० वाचा. १ जुलै २०२४ च्या लगेच आधी जो अर्ज, खटला, चौकशी, तपास, कार्यवाही किंवा अपील प्रलंबित होतं ते १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यानेच चालेल. म्हणजे घटना कधीची हा प्रश्न इथे नाहीच, कार्यवाही कधीची हा प्रश्न आहे. २०१९ चा दिवाणी दावा असेल आणि साक्षीदार आज उभा राहून राहिला असेल तरी तिथे ६५-ब(४) चंच सर्टिफिकेट. उलट व्यवहार २०२३ चा पण दावा ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल, तर कलम ६३.

फौजदारीत थोडं अडकतं. गुन्हा मार्च २०२४ चा आणि फिर्याद ऑगस्ट २०२४ ची, तर शिक्षेची कलमं भादंविची, प्रक्रिया नागरिक सुरक्षा संहितेची आणि पुरावा साक्ष्य अधिनियमाचा, असे तीन कायदे एकाच फाईलमध्ये येतात आणि याने गोंधळून जाऊ नका. पण एफआयआर जून २०२४ चा, तपास १ जुलैला चालू, दोषारोपपत्र डिसेंबरमध्ये, अशा केसमध्ये तपास प्रलंबित होता पण खटला नव्हता, मग खटल्यातला पुरावा कोणत्या कायद्याने यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. माझं मत सरळ आहे, अशा ठिकाणी वाद घालत बसू नका, नव्या नमुन्यात सर्टिफिकेट द्या आणि त्यात "तसेच पुरावा कायदा कलम ६५-ब(४) प्रमाणे" ही ओळ आणि त्या कलमाची विधानं जोडा. कागद अर्धं पान वाढतो, पण हरकतीचं दार बंद होतं.

तपासून बघा: दाव्याची किंवा तक्रारीची दाखल तारीख रोजनाम्यावरून (कोर्टातली तारीखवार नोंद) किंवा सीएनआर नंबर (ऑनलाईन केस शोधायचा नंबर) टाकून बघितली का? पक्षकाराने सांगितलेल्या तारखेवर जाऊ नका.

२. सर्टिफिकेट लागतं का, हे विचारा

अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला स्पष्ट केलंय की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं आणि त्याच्या मालकाने पिंजऱ्यात येऊन ते आपलं आहे, आपण चालवतो असं सांगितलं तर सर्टिफिकेटची गरज नाही. कॉपी, प्रिंट, पेन ड्राइव्ह, सीडी दिली की गरज आहे. हे ६५-ब वर सांगितलेलं आहे, पण कलम ६३ ची घडण त्याच धर्तीची आहे.

आता कोणता पक्षकार आपला चालू मोबाईल निशाणी करून, म्हणजे पुरावा म्हणून नंबर पाडून, कोर्टात ठेवायला तयार होतो? शंभरात एखादा. पण मोबाईल सांभाळून ठेवायला मात्र सांगा, विकू नका, फॉरमॅट करू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. उलटतपासात "मूळ मोबाईल कुठे आहे" हा प्रश्न येतोच येतो.

नव्या कायद्यात कलम ५७ ची स्पष्टीकरणं वाचून काही जण म्हणतात की आता प्रत्येक कॉपी प्राथमिक पुरावा झाली, सर्टिफिकेट गेलं. त्या भरवशावर राहू नका. कलम ६१ इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नाकारता येणार नाही म्हणतं, पण कलम ६३ च्या अधीन राहून म्हणतं. सर्टिफिकेट करून ठेवा आणि मग ५७ चा युक्तिवाद वरून करा.

३. डेटा काढणे: इथेच सगळं बिघडतं

पक्षकार ऑफिसात आला की पहिलं वाक्य असतं "साहेब तुम्हाला व्हॉट्सअपवर पाठवून देतो". पाठवू देऊ नका. व्हिडिओ किंवा फोटो साधा पाठवला की व्हॉट्सअप तो दाबून लहान करतं, फाईल बदलते, आणि मग तुमच्या कॉम्प्युटरवर जी आहे ती मूळ फाईल नाहीच. केबलने घ्या. अगदीच गावाहून पाठवायचं असेल, पक्षकार कुही-भिवापूरला आहे आणि फक्त वाचून बघायचंय, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, पण कोर्टात द्यायची कॉपी शेवटी त्याच मोबाईलमधून केबलने काढा.

व्हॉट्सअप चॅट असेल तर नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका. चॅट एक्सपोर्ट करा, मीडियासकट. एक्सपोर्टमध्ये टेक्स्ट फाईल येते, त्यात तारीख-वेळ असते, आणि मधले मेसेज गाळले असा आरोप करणं अवघड जातं. स्क्रीनशॉट सोबत द्या, ते वाचायला सोपे असतात, पण त्यात समोरच्याचा नंबर दिसला पाहिजे, नुसतं सेव्ह केलेलं "राजू नवीन" नाव नाही. चॅटमध्ये गायब होणारे मेसेज चालू असतील तर आधी ते बंद करा. आणि समोरच्याने त्या चॅटला जास्तीची प्रायव्हसी लावली असेल तर एक्सपोर्ट होणारच नाही, मग स्क्रीन रेकॉर्डिंग वरपासून खालपर्यंत एकसलग घ्या.

सीसीटीव्ही हा सगळ्यात घाईचा प्रकार. दुकानाच्या, सोसायटीच्या डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवीन चढतं, कुठे पंधरा दिवसांत कुठे महिन्यात, डिस्क आणि कॅमेऱ्यांवर अवलंबून. म्हणून केस घेतली त्याच दिवशी दुकानदाराला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. फुटेज काढताना

- डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्येच काढा, लागत असेल तर त्याचा प्लेअरही सोबत घ्या
- एमपी-४ मध्ये बदललेली कॉपी वेगळी ठेवा, ती वेगळी फाईल आहे आणि तिचा हॅश वेगळाच येणार
- डीव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यातला फरक तिथल्या तिथे लिहून घ्या, अर्धा-पाऊण तास पुढे-मागे असणारे डीव्हीआर काही कमी नाहीत
- स्टिकरवरचा मेक, मॉडेल, सिरीयल नंबर यांचा फोटो घ्या, भाग अ मध्ये तो लागतो

सावधान: टीव्हीवर चालू फुटेज मोबाईलने शूट करून आणलं तर ते फुटेज नाही, ती तुमच्या मोबाईलने बनवलेली नवीन रेकॉर्डिंग आहे. तिचं सर्टिफिकेट मोबाईलचं होतं, डीव्हीआरचं नाही, आणि मूळ फुटेज मग कुठे गेलं याचं उत्तर द्यावं लागतं.

मोबाईलचा आयएमईआय, म्हणजे त्या मोबाईलचा ओळख नंबर, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश (*#06#) डायल करून काढा, पंधरा आकडी असतो, दोन सिमच्या मोबाईलला दोन येतात, दोन्ही लिहा. खोक्यावरून उतरवू नका, खोकं बरेचदा जुन्याच मोबाईलचं निघतं.

४. हॅश काढणे

हॅश म्हणजे फाईलवरून गणित करून निघणारी अक्षर-आकड्यांची ओळ, फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी ती पूर्ण बदलते. अनुसूचीत शा-१, शा-२५६, एमडी-५ आणि कायद्याने मान्य होईल असा इतर, असे पर्याय दिलेत. शा-२५६ घ्या, बाकी दोघांवर तज्ज्ञ लोक आधीच बोटं ठेवतात.

काढायला कोणतं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजवर सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाईलवर राईट क्लिक, सीआरसी-शा नावाचा मेन्यू, त्यातून शा-२५६. नाहीतर पॉवरशेलमध्ये गेट-फाईलहॅश कमांड, ती आपोआप शा-२५६च देते. स्क्रीनवर आलेल्या निकालाचा प्रिंट काढा कारण सर्टिफिकेटला हॅश रिपोर्ट जोडायचा आहे असं नमुन्यातच लिहिलंय, आणि हा रिपोर्ट न जोडणं ही मी बघितलेल्या सर्टिफिकेटमधली सगळ्यात कॉमन चूक आहे.

क्रम असा ठेवा. मूळ उपकरणातून फाईल कॉम्प्युटरवर घेतली, उघडून बघायच्या आधी हॅश काढला, मग पेन ड्राइव्हवर कॉपी केली, पेन ड्राइव्हवरच्या फाईलचा परत हॅश काढला, दोन्ही जुळले, मग तो पेन ड्राइव्ह पाकिटात. नाव बदललं किंवा कॉपी केली तर हॅश बदलत नाही. एडिट करून सेव्ह केलं, ट्रिम केलं, फिरवून सरळ केलं तर बदलतो. झिप केली तर झिपचा हॅश वेगळा, आतल्या फाईलचा वेगळा, म्हणून प्रत्येक फाईलचा स्वतंत्र द्या. वीस फोटो असतील तर वीस हॅश, तक्त्यात.

आता एक आपल्याकडचीच गंमत. टायपिस्ट मराठी कागद जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये करतो, तुम्ही त्याला हॅश दिला, त्याने तिथेच पेस्ट केला, आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी कखग-टठड असं काहीतरी अगम्य छापून आलं, कोणी वाचलं नाही, सही झाली, दाखल झालं. हॅशच्या ओळीचा फॉन्ट वेगळा करायला लावा. आणि हाताने कधीच टाईप करू देऊ नका.

तपासून बघा: शा-२५६ बरोबर ६४ अक्षरांचा असतो, शा-१ चाळीस, एमडी-५ बत्तीस. त्यात शून्य ते नऊ आणि इंग्रजी ए ते एफ एवढंच येतं. कागदावर जी किंवा ओ दिसला म्हणजे चुकलं.

५. भाग अ: पक्षकाराने भरायचा

कलम म्हणतं की सही त्या माणसाची जो त्या कॉम्प्युटरच्या किंवा संपर्क उपकरणाच्या किंवा संबंधित कामाच्या प्रभारात आहे. म्हणून पहिला प्रश्न, उपकरण कोणाच्या हातात असतं? रेकॉर्डिंग पोराच्या मोबाईलवर आणि सही बापाची, हे चालत नाही. दुकानाच्या डीव्हीआरवर दुकानदाराची किंवा तो सांभाळणाऱ्या मॅनेजरची सही. वकिलाने सही करू नये हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

नमुन्यातली वाक्यं बदलू नका, जागा भरा. उपकरणाचा प्रकार टिक करायचा, मग मेक-मॉडेल, रंग, सिरीयल नंबर, आयएमईआय किंवा मॅक किंवा क्लाऊड आयडी जे लागू असेल ते. रंग लिहायचा राहतो, लिहा. मग उपकरण कायदेशीर ताब्यात होतं, नीट चालत होतं हे विधान. मधे बिघडलं होतं तर लपवू नका, नमुन्यातच त्याची सोय आहे, की बिघाडाचा रेकॉर्डच्या अचूकतेवर परिणाम झाला नाही असं म्हणता येतं. पुढे मालकी, देखभाल, व्यवस्थापन, वापर यातलं जे खरं ते निवडायचं. चारही टिक करून मोकळे होणारे आहेत, आणि मग उलटतपासात "दुकान भाड्याचं, डीव्हीआर घरमालकाचा" असं बाहेर येतं.

शेवटी तारीख, ठिकाण आणि वेळ, भारतीय वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने. "सायं. ४.४०" नाही, "१६:४०". आणि ही वेळ हॅश रिपोर्टवरच्या वेळेच्या आधीची नसावी, कारण जो हॅश अजून निघालाच नाही तो सर्टिफिकेटमध्ये कसा आला?

नोटरी लागते का असं बरेच जण विचारतात. कलम ६३ शपथपत्र मागत नाही, सर्टिफिकेट मागतं, आणि सही करणाऱ्याने आपल्या माहिती व समजुतीप्रमाणे सांगितलं तरी पुरेसं आहे असं कलमातच आहे. शपथेवर केलं तर बिघडत काही नाही.

६. भाग ब: तज्ज्ञाचा

इथे गाडी अडते. कलमात "तज्ज्ञ" एवढंच आहे. कलम ३९(२) मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या इलेक्ट्रॉनिक पुरावा परीक्षकाच्या मताबद्दल सांगितलंय, आणि ३९(१) मध्ये विशेष कौशल्य असलेल्या माणसाच्या मताबद्दल. ६३(४) मध्ये मात्र फक्त ७९-अ वालाच पाहिजे असं लिहिलेलं नाही. म्हणून खासगी सायबर फॉरेन्सिकवाल्याची सही घेतली जाते, आणि समोरचा त्याच्या पात्रतेवर हरकत घेणार हे धरून चाला. त्याचं शिक्षण, अनुभव, पदनाम यांचा एक पानाचा कागद सोबत लावा. कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याची सही आणू नका.

तज्ज्ञाने फाईल स्वतः बघितली पाहिजे, स्वतः हॅश काढला पाहिजे. तयार प्रिंटवर नुसती सही घेतली तर तो पिंजऱ्यात पहिल्या पाच मिनिटांत कोसळतो. भाग अ आणि भाग ब मधला हॅश अक्षरशः एक पाहिजे. वेगळा असेल तर मधे फाईल बदलली असाच अर्थ निघतो, मग तिथेच थांबा आणि पायरी ३ पासून परत करा.

खर्चाचं आधीच पक्षकाराला सांगा. तीस हजाराच्या चेकच्या केसमध्ये चाळीस मेसेज टाकायची गरज आहे का हेही विचारा, कधी कधी समोरच्याने लेखी उत्तरात मेसेज कबूल केलेले असतात आणि आपण उगाच धावत असतो.

७. रेकॉर्ड तिसऱ्याकडे असेल तर

चौकातल्या सरकारी कॅमेऱ्याचं फुटेज, मोबाईल कंपनीचे सीडीआर (कोणी कोणाला कधी फोन केला याची नोंद), बँकेचा उतारा, यांचं सर्टिफिकेट तुमचा पक्षकार देऊच शकत नाही.

सीडीआर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडून येतो. लायसन्सच्या अटींप्रमाणे कंपन्यांना रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवावं लागतं, त्यामुळे पुराव्याची पायरी येईपर्यंत थांबलात तर रेकॉर्डच उरणार नाही. अर्ज सुरुवातीलाच द्या, निदान जतन करून ठेवायचा आदेश तरी घ्या.

बँकेच्या उताऱ्याला बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा, १८९१ चं कलम २-अ लागतं. त्यात शाखा व्यवस्थापकाचं किंवा मुख्य लेखापालाचं सर्टिफिकेट वेगळं आणि कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळणाऱ्याचं वेगळं. शाखेतून नुसता गोल शिक्का मारून आणलेला उतारा यात बसत नाही.

समोरून सर्टिफिकेट मिळत नसेल तर आधी लेखी मागा, नकार किंवा पोच जपून ठेवा, मग कोर्टात अर्ज करा, दिवाणीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ खाली, फौजदारीत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली, सोबत साक्ष्य अधिनियमाचं कलम १६८. खोतकर प्रकरणात नेमकं हेच झालं होतं, निवडणूक अधिकाऱ्याने मागूनही सर्टिफिकेट दिलं नाही, आणि कोर्टाने म्हटलं की पक्षकाराने हातात होतं ते सगळं केलं होतं. पण हा फायदा मागितल्याचा पुरावा असणाऱ्यालाच मिळतो. तोंडी मागितलं होतं म्हणून चालणार नाही.

८. दाखल करणे

कलम ६३(४) म्हणतं की रेकॉर्ड ज्या ज्या वेळी पुराव्यात दाखल करायचं त्या प्रत्येक वेळी सर्टिफिकेट सोबत पाहिजे. म्हणून निशाणी ५ च्या अर्जासोबत (दाव्यातला तात्पुरत्या मनाईचा अर्ज) एकदा दिलं होतं, आता सरतपासाच्या (आपल्याच साक्षीदाराच्या साक्षीच्या) शपथपत्रासोबत कशाला, असं करू नका. परत लावा.

कागदपत्रांच्या यादीत तीन नोंदी वेगळ्या करा: पेन ड्राइव्ह, सर्टिफिकेट भाग अ-ब, हॅश रिपोर्ट. ई-फायलिंगला सर्टिफिकेट आणि रिपोर्ट पीडीएफमध्ये जातील, पेन ड्राइव्ह सीलबंद पाकिटात, पाकिटावर केस नंबर, फाईलची नावं आणि हॅश. पेन ड्राइव्हमध्ये दुसरं काहीही नको, पोराच्या बारशाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह कोर्टात गेलेला आहे. समोरच्यासाठी दुसरी कॉपी तयार ठेवा. फौजदारीत तर पी. गोपालकृष्णन प्रकरणात २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेमरी कार्डमधला मजकूर हा दस्तऐवज आहे आणि आरोपीला त्याची क्लोन कॉपी मिळाली पाहिजे असं म्हटलंय, पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तिथे मात्र कॉपीऐवजी बघायला देता येतं.

सावधान: मजकुराचा लेखी उतारा म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट सोबत द्या, पण तो ऐकून लिहिलेला असावा. शिव्या गाळू नका, वऱ्हाडी किंवा हिंदी बोलणं शुद्ध मराठीत करू नका.

९. निशाणी पडताना

तुमचा पुरावा असेल तर साक्षीदाराला सर्टिफिकेटवरची सही ओळखायला लावा, उपकरण, हॅश, काढल्याची तारीख बोलून घ्या.

समोरच्याचा असेल आणि सर्टिफिकेट नसेल किंवा अर्धवट असेल तर हरकत तिथल्या तिथे, निशाणी पडायच्या आधी, आणि रोजनाम्यात नोंद झालेली बघूनच खाली बसा. सोनू ऊर्फ अमर विरुद्ध हरियाणा राज्य या २०१७ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सर्टिफिकेट नाही ही पुरावा सिद्ध करण्याच्या पद्धतीची हरकत आहे, खालच्या कोर्टात घेतली नाही तर अपिलात पहिल्यांदा घेता येत नाही.

आणि तुमचंच सर्टिफिकेट द्यायचं राहिलं असेल तर घाबरून पुरावा सोडून देऊ नका. खोतकर निकालाप्रमाणे खटल्याची सुनावणी संपलेली नसेल तोवर कोर्ट योग्य टप्प्यावर ते दाखल करू देऊ शकतं, फौजदारीत आरोपीवर अन्याय होणार नाही हे बघून. अर्जात उशिराचं खरं कारण लिहा, सर्टिफिकेट अर्जासोबतच जोडा, "परवानगी मिळाल्यास दाखल करू" असं लिहून पुढची तारीख मागू नका.

कौटुंबिक न्यायालयात कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे कोर्टाला पुरावा घ्यायची मोकळीक जास्त आहे, आणि १४ जुलै २०२५ ला विभोर गर्ग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नवरा-बायकोतली चोरून केलेली रेकॉर्डिंगही वैवाहिक दाव्यात पुराव्यात घेता येते असं म्हटलं. पण घेता येते आणि खरी मानली जाते यात फरक आहे, आवाज कापला-जोडला असा आरोप तिथेही होतो, त्यामुळे हॅश आणि भाग अ-ब तिथेही करूनच जा.